कामावरून काढलं, पण का? अमेरिकेतल्या भेदभावाच्या खटल्यात कंपनी आपली बाजू कशी लढवते

नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात एका ज्युरीने (सामान्य नागरिकांतून निवडलेल्या, कौल देणाऱ्या मंडळाने) टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या, म्हणजे टीसीएसच्या, बाजूने कौल दिला. प्रोजेक्ट नसल्यामुळे 'बेंच'वर बसलेल्या बिगर-दक्षिण आशियाई कर्मचाऱ्यांना कंपनीने त्यांच्या वंशामुळे किंवा मूळ देशामुळे काढलं, असा आरोप होता. ज्युरीला तो पटला नाही. सहा वर्षांनी, ऑक्टोबर 2024 मध्ये, त्याच राज्यात लॉस एंजेलिसच्या कोर्टात आरोप बराचसा तसाच होता, कंपनी मात्र दुसरी: कॉग्निझंट. तिथल्या ज्युरीने कंपनीच्या विरोधात कौल दिला.

आपल्यापैकी अनेकांचं कुणी ना कुणी या कंपन्यांमध्ये असतं, त्यामुळे अशा बातम्या घरोघर वाचल्या जातात आणि त्यांवर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. 'अमेरिकेत काय, कुणीही उठून खटला भरतं' ही एक, आणि 'मोठ्या कंपन्यांचे वकील काळ्याचं पांढरं करतात' ही दुसरी. दोन्हींत थोडंफार तथ्य आहे, पण कोर्टात प्रत्यक्ष चालतं ते वेगळंच. तिथे सगळा झगडा एका 'का'भोवती फिरतो.

वाईट वागणं वेगळं, बेकायदा वागणं वेगळं

सुरुवात एका धक्कादायक वाटणाऱ्या गोष्टीपासून करू. मोंटाना सोडलं तर अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत नोकरीचा मूळ नियम 'मर्जीची नोकरी' हा आहे. वेगळा करार नसेल तर मालक कर्मचाऱ्याला केव्हाही काढू शकतो. कारण चांगलं असो, वाईट असो, नसलं तरी चालतं. साहेबाला तुमचं हसणं आवडत नाही? काढता येतं. दोघांपैकी जास्त हुशार माणसाला घरी पाठवून मेहुण्याला ठेवलं? निव्वळ तेवढ्यावरून भेदभावाचा दावा उभा राहत नाही.

मनाई आहे ती मोजक्या कारणांना. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश ही कारणं बाद ठरवली. हा कायदा किमान 15 कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. 1967 मध्ये चाळिशी गाठलेल्यांसाठी वयाचा कायदा आला, 1990 मध्ये अपंगत्वाचा. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असल्यामुळे काढणं हाही लिंगभेदच.

कंपनीच्या बचावाचा पाया इथे आहे. 'आम्ही न्यायाने वागलो' हे तिला सिद्ध करायचं नसतं. निर्णय चुकीचा होता, घाईचा होता, अगदी मूर्खपणाचा होता, तरी तो वरच्या कारणांमुळे घेतलेला नसेल तर ती जिंकू शकते. 'आम्ही म्हणजे कंपन्यांच्या वरचं मनुष्यबळ खातं नव्हे,' असं अमेरिकेतल्या अपिली कोर्टांनी किती वेळा लिहून ठेवलंय त्याला गणती नाही.

कायद्यात ही ढाल भक्कम आहे, पण ज्युरीपुढे तिला भोकं पडतात, कारण ज्युरीत बसलेल्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी नोकरी केलेली असते. 'निर्णय अन्यायाचा होता, पण बेकायदा नव्हता' हे वाक्य कायद्याच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवेल. ज्युरीपुढे तेच तोंडावर आपटतं. म्हणून अनुभवी बचाव वकील त्या वाक्यावर विसंबत नाही, निर्णय समंजस माणसाला पटेल असा होता हेही दाखवायच्या मागे लागतो.

कोर्टाच्या पायरीपर्यंतची वाट

हा टप्पा थोडक्यात उरकू. सातव्या प्रकरणाखालचा दावा थेट कोर्टात नेता येत नाही. आधी ईईओसी या सरकारी आयोगाकडे तक्रार करावी लागते. मुदत 180 दिवसांची, बऱ्याच राज्यांत 300 दिवसांची. आयोगाने 'आता दावा लावू शकता' असं पत्र दिलं की पुढचे 90 दिवस हातात असतात. तारीख हुकली तर दाव्यात कितीही दम असो, कंपनीचा वकील पहिलं बोट त्या तारखेवरच ठेवतो.

मग महिनोन्महिने कागदपत्रांची देवाणघेवाण आणि शपथेवरच्या जबान्या. यानंतर कंपनी न्यायाधीशांना सांगते, 'यात ज्युरीने ठरवावं असं काही नाहीच, इथेच निकाली काढा.' बरेच दावे इथे संपतात आणि आणखी बरेच तडजोडीत मिटतात. म्हणजे ज्युरीपुढे पोचलेल्या खटल्यात कंपनीचा एक डाव आधीच हुकलेला असतो. समोरच्याकडे काहीतरी आहे, असं न्यायाधीशांनाही वाटलेलं असतं.

पुराव्याचा चेंडू कुणाच्या कोर्टात?

'तू या वंशाची आहेस म्हणून काढतोय' असं कुणी लिहून देत नाही. मग मनातलं कारण सिद्ध करायचं कसं? याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने 1973 मध्ये विमानं बनवणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात दिलं. सेंट लुईसमधल्या मॅकडोनेल डग्लसमध्ये पर्सी ग्रीन हा कृष्णवर्णीय मेकॅनिक होता. 1964 मध्ये त्याला कामावरून कमी केलं. कंपनी वंशभेद करते असं म्हणत त्याने निदर्शनं केली, त्यात कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्या आडव्या घालायच्या आंदोलनातही तो होता. पुढे कंपनीने मेकॅनिक हवेत म्हणून जाहिरात दिली, त्याने अर्ज केला, तो नाकारला गेला. का? तर बेकायदा आंदोलनात भाग घेतला म्हणून.

कोर्टाने तीन पायऱ्या आखल्या. त्या समजायला क्रिकेटची निवड समिती बरी पडेल. एका फलंदाजाला वगळलं. पहिल्या पायरीवर तो म्हणतो: मी पात्र होतो, मला वगळलं आणि माझी जागा रिकामी ठेवून तुम्ही दुसऱ्याला शोधत राहिलात. एवढ्याने संशयाला जागा होते. दुसऱ्या पायरीवर समिती कारण सांगते: फिटनेस कमी पडला. इथे तिने ते नुसतं मांडायचं असतं, खरं असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर नसते. 1981 च्या एका निकालात कोर्टाने हे स्पष्ट केलं. तिसऱ्या पायरीवर फलंदाज दाखवतो, की फिटनेस ही सबब आहे. त्याच चाचणीत माझ्या खाली असलेले दोघे संघात आहेत!

हा 'सबब' शब्द लक्षात ठेवा. मराठीत तो जितका नेमका आहे तितकाच या कायद्यात महत्त्वाचा आहे: सांगितलेलं कारण एक, खरं दुसरं.

शेवटपर्यंत पटवून देण्याचं ओझं मात्र कर्मचाऱ्यावरच राहतं. खुनाच्या खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, तराजूचं पारडं तीळभर झुकलं तरी पुरतं. ग्रीनच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने प्रकरण परत खाली पाठवलं, आणि शेवटी कंपनीच जिंकली. कर्मचाऱ्यांच्या हाती दिलेल्या कसोटीला त्या जिंकलेल्या कंपनीचं नाव पडावं, ही या कायद्यातली गंमत.

खुद्द ज्युरीला सहसा या पायऱ्या मोजायला लावत नाहीत. तिला साधा प्रश्न विचारतात: हे झालं ते वंशामुळे, लिंगामुळे, वयामुळे झालं का?

कारण एकच असलं पाहिजे, आणि तेही पहिल्या दिवसापासून

कंपनीचा खटला कुठे हरतो असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन: बदलत्या कारणांत. काढताना सांगितलं, 'पद रद्द झालं.' ईईओसीला पाठवलेल्या उत्तरात लिहिलं, 'काम समाधानकारक नव्हतं.' शपथेवरच्या जबानीत मॅनेजर म्हणाला, 'इतरांशी पटत नव्हतं.' तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण ज्युरीला त्यात तीन कारणं दिसत नाहीत, एक लपवाछपवी दिसते. आणि सुप्रीम कोर्टाने 2000 मध्ये सांगितलंय, की कंपनीचं कारण खोटं आहे असं ज्युरीला वाटलं, तर पहिल्या पायरीचा पुरावा आणि हा अविश्वास एवढ्या जोरावर ती भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते. काढलाच पाहिजे असं नाही, ते 1993 च्या निकालात आलंय. पण खोटं बोलताना पकडलेल्याला संशयाचा फायदा कोण देतो?

दुसरा खड्डा म्हणजे गोडगोड मूल्यांकनं. वर्षाच्या शेवटी कुणाचं मन कशाला मोडा, म्हणून मॅनेजर सगळ्यांना 'अपेक्षेप्रमाणे उत्तम' लिहून मोकळा होतो. दोन वर्षांनी तोच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सांगतो, की काम पहिल्यापासून वाईट होतं. उलटतपासणी घेणाऱ्याला आणखी काय हवं? तो सगळ्या वर्षांचे शेरे पडद्यावर लावतो आणि विचारतो, 'ही सही तुमचीच ना?'

याउलट जुना, कंटाळवाणा, त्याच दिवशी लिहिलेला कागद हा बचावाचा सर्वांत मोठा साथीदार. कुठल्या तारखेला चूक दाखवली, काय सुधारायला सांगितलं, पुढे काय झालं, हे सगळं वाद पेटायच्या आधी लिहिलेलं असेल तर त्याला वजन असतं. तक्रार आल्यावर आठवडाभरात तयार झालेली जाडजूड फाइल नेमकी उलटी फिरते.

कागद नाहीसे करणं तर आत्मघातच. यूबीएस वॉरबर्ग या बँकेविरुद्धच्या लिंगभेदाच्या खटल्यात काही ईमेल जपले गेले नव्हते. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं, की नाहीशा झालेल्या ईमेलमध्ये बँकेच्या विरोधातला मजकूर असावा असं तुम्ही धरू शकता. 2005 मध्ये ज्युरीने 2 कोटी 93 लाख डॉलर ठोठावले.

दोन कारणं एकत्र असली तर?

माणसाच्या मनात एका निर्णयामागे एकच कारण क्वचित असतं. 1982 मध्ये प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस फर्ममध्ये भागीदारीसाठी 88 जणांची नावं पुढे आली, त्यांत बाई एकच, अ‍ॅन हॉपकिन्स. तिने फर्मला मोठी कामं मिळवून दिली होती. हाताखालच्या लोकांशी ती कडक वागते अशा तक्रारीही होत्या, आणि त्या बनावट नव्हत्या. पण भागीदारी लांबणीवर पडल्यावर तिला सल्ला मिळाला तो असा: चाल बायकी ठेव, मेकअप कर, दागिने घाल. फर्मकडे वैध कारण होतं आणि तिने स्वतःच त्यात विष कालवलं.

1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने आणि 1991 मध्ये संसदेने या मिश्र कारणांचा प्रश्न सोडवला. आज सातव्या प्रकरणाखाली लिंग किंवा वंश हे अनेकांपैकी एक कारण असलं तरी कायदा मोडलेला ठरतो. मात्र 'ते नसतं तरी आम्ही हाच निर्णय घेतला असता' हे कंपनीने सिद्ध केलं, तर भरपाई टळते, कर्मचाऱ्याच्या वकिलाची फी बसू शकते. बचाव वकिलापुढे इथे कठीण निवड असते. हा मुद्दा मांडायचा म्हणजे 'समजा भेदभाव झाला असला तरी...' असं म्हणायचं, आणि ज्युरीच्या कानात त्या वाक्याचा पहिला अर्धाच राहतो.

वयाच्या खटल्यात ही भानगड नाही. 2009 पासून तिथे वय हे निर्णायक कारण असल्याचं कर्मचाऱ्याला दाखवावं लागतं.

माकड, मांजर आणि मॅनेजर

'निर्णय वरच्या साहेबांनी घेतला, त्यांना तर ती व्यक्ती माहीतही नव्हती' हा बचाव पूर्वी जोरात चाले. पण साहेबांच्या टेबलावरचा अहवाल लिहिला कोणी? माकडाने मांजराला चढवून तिच्या पंजाने निखाऱ्यांतली फळं काढून घेतली, फळं माकडाला आणि चटके मांजराला, ही गोष्ट अमेरिकन कायद्यात शिरली आहे. तिथे या सिद्धांताचं नावच 'मांजराचा पंजा'. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं, असं आपण म्हणू. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने, लष्करी सेवेमुळे आकस धरल्याच्या एका खटल्यात, खालच्या साहेबाचा आकस वरच्या निर्णयापर्यंत पोचला तर मालक जबाबदार ठरू शकतो असं म्हटलं.

म्हणून तयारी करताना वकील विचारतो: शिफारस कुठून निघाली? वरच्यांनी स्वतः काही तपासलं, की नुसती सही ठोकली?

तो मॅनेजर साक्षीला उभा राहतो तेव्हा खटल्याचा खरा कस लागतो. चिडका, सर्वज्ञ, कर्मचाऱ्याला तुच्छ लेखणारा मॅनेजर ज्युरीला आरोपाचं जिवंत चित्रच दाखवतो. वकिलाचंही तसंच. दुखावलेल्या माणसावर तुटून पडणारा वकील उलटतपासणी जिंकतो आणि खटला घालवतो.

आकड्यांचे खटले

टीसीएस आणि कॉग्निझंटसारखे सामूहिक दावे थोडे निराळे. तिथे वादी म्हणतात, की भेदभाव हीच कंपनीची रीत होती, आणि त्यासाठी आकडेवारी पुढे ठेवतात. बचावात कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ विचारतो: तुलना कुणाशी केली? कौशल्य, दुसऱ्या शहरात जायची तयारी, प्रोजेक्टसाठी दिलेल्या मुलाखती हे धरलं का? टीसीएसच्या बाबतीत वादींचं चित्र ज्युरीला पटलं नाही. कॉग्निझंटच्या बाबतीत आधीच्या एका ज्युरीचं एकमत झालं नव्हतं, दुसऱ्या ज्युरीने कंपनीविरुद्ध कौल दिला. फेडरल कोर्टात साधारणपणे एकमत लागतं, त्यामुळे एक ठाम सदस्यही पारडं अडवून धरू शकतो.

'मग हे कंपन्यांना पळवाटा शिकवणं नाही का?'

हा आक्षेप रास्त आहे. कागद नीट ठेवायला शिकलेली कंपनी भेदभाव करूनही सुटू शकते, हे मी नाकारणार नाही. पण वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खटला सुरू झाल्यावर उभ्या करता येत नाहीत. खरं मूल्यांकन आणि सगळ्यांना एकच नियम हे आधी झालेलं असावं लागतं. ते झालेल्या कार्यालयात भेदभावाला जागा आपोआप कमी उरते.

'काढल्यावर त्याची मोठी लबाडी सापडली तर कंपनी सुटली, नाही का?'

नाही. 1995 मध्ये एका वृत्तपत्राविरुद्धच्या वयभेदाच्या खटल्यात हेच झालं. साठी ओलांडलेल्या कर्मचारी बाईने गोपनीय कागदांच्या प्रती काढल्या होत्या, हे कंपनीला खटल्यादरम्यान कळलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, काढताना जे ठाऊकच नव्हतं ते काढण्याचं कारण कसं असेल? भरपाई कमी होते, साधारणपणे नोकरी परत मिळत नाही, पण दावा उडत नाही.

'हे सगळं अल्पसंख्याकांसाठीच ना?'

तेही नाही. जून 2025 मध्ये ओहायोतल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की बहुसंख्य गटातल्या वादीकडे जास्तीचा पुरावा मागता येणार नाही. त्या खटल्यातली बाई भिन्नलिंगी होती आणि समलिंगी सहकाऱ्यांना झुकतं माप मिळालं असं तिचं म्हणणं होतं. कायदा व्यक्तीचं रक्षण करतो, मग गट कुठलाही असो.

'आणि ते कोट्यवधी डॉलर?'

मथळ्यातला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. 2021 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात ज्युरीने वॉलमार्टला 12 कोटी 50 लाख डॉलरचा दंड आणि वर दीड लाखाची भरपाई ठोठावली. कोर्टाने ती बेरीज 3 लाखांवर आणली, कारण 1991 च्या कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे: शंभरापर्यंत कर्मचारी असतील तर 50 हजार, पाचशेच्या वर असतील तर 3 लाख. बुडालेला पगार यातून वेगळा. वंशभेदासाठी मात्र 1866 पासूनचा एक जुना कायदा आहे, त्याला मर्यादा नाही. त्याच्या आधारे 2021 मध्ये टेस्लाविरुद्ध सुमारे 13 कोटी 70 लाखांचा निकाल लागला, न्यायाधीशांनी तो दीड कोटीवर आणला, आणि 2023 च्या फेरसुनावणीत तो सुमारे 32 लाखांवर उतरला.

खर्चाची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. कर्मचारी जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची. कंपनी जिंकली तर दावा अगदीच निराधार असल्याशिवाय आपली फी तिने आपणच सोसायची. तडजोडी इतक्या का होतात, ते यावरून कळेल.

सगळ्यात फसवा भाग: सूड

कर्मचाऱ्याने भेदभावाची तक्रार केली. तक्रारीत तथ्य नव्हतं. पण दुखावलेल्या साहेबाने पुढच्या महिन्यात त्याला आडबाजूच्या कामाला लावलं. आता कंपनी मूळ आरोपातून सुटेल आणि या दुसऱ्यात अडकेल. तक्रार प्रामाणिक आणि वाजवी समजुतीने केलेली असणं पुरतं, खरी ठरणं लागत नाही. सूडाच्या दाव्यात तक्रार हेच निर्णायक कारण होतं हे कर्मचाऱ्याला दाखवावं लागतं, 2013 पासून. तरी ज्युरीला सूड कळायला वेळ लागत नाही. आपल्या मनात वंशद्वेष नाही असं बहुतेकांना वाटतं, पण राग धरणं कुणाला माहीत नाही?

सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात 2015 मध्ये एलेन पाओ यांनी क्लायनर पर्किन्स या गुंतवणूक कंपनीवर लावलेला लिंगभेदाचा खटला जगभर गाजला. कंपनीने त्यांच्या कामाच्या मूल्यांकनांवर आणि सहकाऱ्यांशी न पटण्यावर भर दिला. ज्युरीत सहा बाया, सहा पुरुष. हे फेडरल नव्हे, कॅलिफोर्निया राज्याचं कोर्ट होतं, आणि तिथे बारापैकी नऊ मतं पुरतात. 27 मार्चला ज्युरीने निकाल वाचला: चारही मुद्दे कंपनीच्या बाजूने. मग न्यायाधीशांनी एकेकाला विचारून मोजणी केली, तेव्हा कळलं की चौथ्या मुद्द्यावर आठच मतं आहेत. तो मुद्दा सूडाने काढून टाकल्याचा होता. बाराही जणांना परत आत पाठवलं. कॅमेरे, वकील, दोन्ही पक्ष बाहेर थांबून राहिले. काही वेळाने ज्युरी परतली तेव्हा कंपनीकडे नववं मत होतं.